मेशेस ऑफ द आफ्टरनून (१९४३): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा सिनेमा नेमका कोणता? त्यात घडतं काय?

माया डेरेन आणि त्यांचे पती अलेक्झांडर हामिद या दोघांनी १९४३ साली लॉस एंजेलिसमध्ये, हॉलिवूडच्या टेकडीवरच्या आपल्या राहत्या घरात केलेला हा १४ मिनिटांचा कृष्णधवल लघुपट. १६ मिमी फिल्मवर चित्रित केलेला, संवाद नसलेला. भूमिकाही त्यांच्याच: बाई म्हणजे डेरेन, पुरुष म्हणजे हामिद.

वरून एक हात खाली येतो आणि रस्त्यावर फूल ठेवतो. एका बाईची सावली ते उचलते. ती घराच्या पायऱ्या चढते, किल्ली काढते, किल्ली हातातून निसटून पायऱ्यांवरून उड्या मारत खाली जाते. घरात कोणी नाही. टेबलावर पाव आणि त्यात खुपसलेला सुरा आहे, जिन्यावर फोनचा रिसीव्हर काढून ठेवलेला आहे, वरच्या खोलीत रेकॉर्ड फिरतेय. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसते आणि तिचा डोळा लागतो. मग हीच फेरी स्वप्नात पुन्हा सुरू होते, पुन्हा पुन्हा, आणि दर फेरीला वस्तूंच्या जागा बदलतात. रस्त्यावर काळ्या वस्त्रातली एक आकृती चाललेली असते, तिच्या चेहऱ्याच्या जागी आरसा असतो. प्रत्येक फेरीत घरात एक नवी माया येते. शेवटी तिघी एकाच टेबलाशी बसतात आणि त्यांच्यापैकी एक सुरा घेऊन झोपलेलीकडे निघते.

पहिल्यांदा बघताना गोष्ट जुळवायच्या मागे लागू नका. किल्ली, सुरा, फूल, फोन आणि आरसा या पाच वस्तूंवर नजर ठेवा. प्रत्येक फेरीत कोणती वस्तू कुठे आहे एवढं टिपलंत तरी सिनेमाचा सांगाडा हाती येतो.

पहिल्या फेरीत बाईचा चेहरा का दाखवत नाहीत?

पहिल्या फेरीत आपल्याला तिची सावली, पावलं आणि हात एवढंच दिसतं. कॅमेरा बराचसा तिच्या डोळ्यांच्या जागी आहे: ती जिथे बघते तिथे आपण बघतो. झोप लागताना डोळ्याचा क्लोजअप येतो आणि पूर्ण चेहरा पुढे, स्वप्नात भेटतो. म्हणजे जागेपणी आपण ती बाई असतो आणि स्वप्नात तिच्याकडे बाहेरून बघायला लागतो. पुढे ती खिडकीतून बाहेर बघते आणि स्वतःलाच रस्त्याने येताना पाहते तेव्हा प्रेक्षकाला धक्का बसतो, कारण तोवर तो दोन्ही जागी बसून झालेला असतो. हे काम छायाचित्रणाच्या मांडणीतूनच झालेलं आहे, त्यासाठी एकही ट्रिक शॉट लागलेला नाही. आमच्या मते सिनेमातली सगळ्यात कसबी गोष्ट हीच आहे.

डेरेन आणि हामिद यांपैकी सिनेमा खरा कोणाचा?

श्रेय दोघांचं आहे आणि ते तसंच वाचावं. हामिद यांचं मूळ नाव अलेक्झांडर हाकेनश्मिड. ते चेकोस्लोव्हाकियात छायाचित्रकार आणि दिग्दर्शक म्हणून नावारूपाला आले होते. १९३० मधल्या त्यांच्या ‘एमलेस वॉक’ या लघुपटाच्या शेवटी नायक दुभंगतो आणि स्वतःलाच दूर जाताना पाहतो. ‘मेशेस’मधल्या अनेक मायांचं बीज तिथे आधीच दिसतं. डेरेन चौकटीत असताना कॅमेरा साहजिकच हामिद यांच्या हातात होता.

डेरेन यांचा हा पहिलाच सिनेमा. त्या १९१७ साली कीव्हमध्ये जन्मल्या आणि १९२२ साली कुटुंबासह अमेरिकेत आल्या. कविता, पत्रकारिता आणि नर्तकी कॅथरिन डनहॅम यांच्या नृत्यसंस्थेतलं सचिवपद अशी त्यांची आधीची वाट. वस्तूंची पुनरावृत्ती, शरीराच्या हालचालीवर उभी असलेली रचना आणि एका पावलात जागा ओलांडण्याची कल्पना त्यांच्या पुढच्या सिनेमांत वाढत गेलेली दिसते. हामिद यांच्या माहितीपटांत ती तशी दिसत नाही. एवढ्यावरून कोणाचं काय हे बरंच कळतं.

कॅमेरा कोणता होता? त्याने कामावर काय फरक पडला?

जुना विकत घेतलेला १६ मिमी बोलेक्स. वडील वारल्यावर मिळालेल्या पैशांतून डेरेन यांनी तो घेतला. स्वित्झर्लंडच्या पायार कंपनीचा हा कॅमेरा चावीवर चालतो, त्याला बॅटरी किंवा वीज लागत नाही. सिनेमातले शॉट जसे आहेत तसे का आहेत, हे बोलेक्स एच-१६ ची गणितं माहीत असली की समजतं:

- १०० फुटांचं रीळ बसतं. १६ मिमीच्या एका फुटात ४० फ्रेम, म्हणजे एका रिळात ४,००० फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेमच्या गतीने ते २ मिनिटं ४६ सेकंद चालतं, १६ फ्रेमच्या गतीने ४ मिनिटं १० सेकंद.
- एकदा पूर्ण चावी दिली की साधारण साडेसोळा फूट फिल्म सरकते. २४ च्या गतीला सुमारे २७ सेकंद आणि १६ ला सुमारे ४१. याहून लांब सलग शॉट घेताच येत नाही.
- गती ८ पासून ६४ फ्रेमपर्यंत बदलता येते.
- फिल्म मागे गुंडाळून त्याच फ्रेमांवर पुन्हा चित्रण करता येतं.
- चित्रण चालू असताना लेन्समधून थेट बघायची सोय त्या काळच्या बोलेक्समध्ये नव्हती, ती १९५६ च्या रिफ्लेक्स मॉडेलमध्ये आली. बाजूच्या व्ह्यूफाइंडरमधून दिसणारी चौकट आणि लेन्सची चौकट यांत थोडा फरक पडतो. वस्तू जितकी जवळ तितका फरक जास्त.

शेवटचा मुद्दा ध्यानात ठेवून किल्लीचे आणि सुऱ्याचे क्लोजअप पुन्हा बघा. इतक्या जवळून, आत काय दिसतंय ते न बघता चौकट बांधायची तर आधी मोजून-मापून जागा ठरवावी लागते. हामिद यांचा सराव तिथे दिसतो.

एकाच टेबलाशी तीन माया कशा बसल्या?

बहुतांश वेळ त्या एका चौकटीत नसतातच. एक माया डावीकडे बघते, कट, दुसरी उजवीकडे बघते. नजरा जुळल्या की आपलं मन त्यांना समोरासमोर बसवतं. जिथे खरोखर एकाच चौकटीत एकाहून अधिक माया दिसतात, तिथे मास्क लावून, म्हणजे चौकटीचा काही भाग झाकून, एकाच फिल्मवर दोनदा किंवा तीनदा चित्रण करण्याची जुनी युक्ती आहे. बोलेक्सवर ती अशी करतात:

१. कॅमेरा जड तिपाईवर पक्का करा. तिपाईच्या पायांना वाळूची पिशवी लावा. पुढचं सगळं संपेपर्यंत कॅमेऱ्याला धक्का लागता कामा नये.

२. पूर्ण चावी द्या. शॉट एका चावीत बसेल इतकाच ठेवा, कारण मध्येच चावी दिली तर कॅमेरा हलतो.

३. लेन्सपुढच्या मॅट बॉक्समध्ये (कार्ड अडकवायच्या चौकटीत) काळं मॅट कार्ड लावून उजवा अर्धा भाग झाका. डावीकडे नटी बसवा. काउंटरवरचा आकडा लिहून घ्या आणि चित्रण करा. १० सेकंदांचा शॉट २४ च्या गतीला ६ फूट फिल्म खातो.

४. लेन्सला टोपी लावा. मोटरचा खटका शून्यावर आणून चावी सोडवा आणि हँडलने फिल्म काउंटरच्या त्याच आकड्यापर्यंत मागे न्या. टोपी विसरलात तर मागे जाताना फिल्मवर पुन्हा प्रकाश पडतो आणि सगळा शॉट धुरकट होतो.

५. खटका पूर्ववत करा, पुन्हा चावी द्या आणि चौकट जागेवर आहे ना ते तपासा. कार्ड डावीकडे सरकवा, नटीला उजवीकडे बसवा, टोपी काढा, तेवढंच पुन्हा चित्रित करा.

तिघींसाठी तीन पट्टे आणि दोनदा मागे गुंडाळणं.

बिघडतं ते सांध्यापाशी. दोन्ही वेळचे कार्डांचे काठ एकमेकांवर आले तर मध्ये काळी पट्टी दिसते, त्यांच्यात फट राहिली तर तिथे दुहेरी प्रकाश पडून पांढरी पट्टी येते. कार्ड लेन्सच्या अगदी जवळ असतं, त्यामुळे काठ नेहमी थोडा विरघळलेला पडतो, आणि हा विरघळलेपणा उपयोगी आहे. एका वेळी काठ जितका काळवंडतो तितकाच दुसऱ्या वेळी उजळतो आणि बेरीज सारखी येते. पण त्यासाठी दोन्ही वेळा अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं लेन्समधलं छिद्र) तेच हवं. पहिल्यांदा एफ-८ आणि दुसऱ्यांदा एफ-४ ठेवलंत तर काठाची रुंदी बदलते आणि सांधा उघडा पडतो. दुसरा शत्रू म्हणजे ऊन. खिडकीतून येणारा कवडसा दहा मिनिटांतही सरकतो आणि टेबलावर दोन सावल्या उमटतात. तिसरी गोष्ट कॅमेऱ्याच्या घडणीतलीच आहे: बोलेक्समध्ये फिल्म जागच्या जागी घट्ट धरणारी रजिस्ट्रेशन पिन नाही. दोन्ही अर्धे एकमेकांच्या मानाने किंचित थरथरू शकतात. म्हणून सांधा भिंतीच्या साध्या, गडद भागावर किंवा दाराच्या चौकटीवर ठेवावा, नक्षीदार कापडावर कधीच नाही.

हाच शॉट मोबाइलवर कसा घ्यायचा?

मागे गुंडाळायचं काम उरत नाही, बाकी सगळी पथ्यं तीच. मोबाइल स्टँडवर घट्ट बसवा. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. लॉक न करता घेतलेले शॉट इथेच फसतात, कारण काळे कपडे घातलेली व्यक्ती डावीकडून उजवीकडे गेली की मोबाइल आपणहून उजेड वाढवतो आणि दोन्ही तुकड्यांत भिंतीचा रंग वेगळा येतो. आधी रिकाम्या टेबलाचा दहा सेकंदांचा शॉट घ्या, पुढे सांधा दुरुस्त करायला तो लागतोच. मग प्रत्येक जागेचा एकेक टेक घ्या आणि संकलनाच्या ॲपमध्ये एकावर एक ठेवून मास्कने कापा, काठ थोडा मऊ ठेवा.

दोन माया एकमेकींकडे बघतायत असं वाटायला हवं असेल तर रिकाम्या खुर्चीमागे, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर काठीला कागदाचा ठिपका लावा आणि काठी चौकटीबाहेर जाईल अशी धरा. नुसतं ‘तिकडे बघ’ म्हटलं की नजर खुर्चीच्या पाठीवर पडते, आणि प्रेक्षकाला नजरेतली तेवढी चूकही लगेच कळते. वेळ जुळवायला कोणीतरी मोठ्याने आकडे म्हणावेत: तीनला हात पुढे, सहाला किल्ली उचल. आवाज वापरायचाच नसल्यामुळे हे चालतं. कोणाचा हात सांध्याची रेघ ओलांडून गेला तर तो मनगटापासून कापला जाईल, तेव्हा टेबलावर रेघेच्या जागी आधीच बारीक खूण करा.

किल्लीचा सुरा होतो तो कसा?

कॅमेरा थांबवून वस्तू बदलण्याची ही युक्ती सिनेमाच्या जन्माइतकीच जुनी आहे. हातात किल्ली असताना चित्रण थांबवायचं, हात जसाच्या तसा ठेवून किल्लीच्या जागी सुरा द्यायचा आणि पुन्हा सुरू करायचं. अवघड असतं ते हात न हलणं. कोपर टेबलावर टेकवलं की बरंच सोपं होतं, आणि मायाचा हात टेबलावरच आहे. चावीचा कॅमेरा सुरू होताना आणि थांबताना एखादी फ्रेम जास्त वेळ उघडी राहते आणि उजळ पडते. ती संकलनात कापायची, नाहीतर बदलाच्या क्षणी पडदा लुकलुकतो आणि युक्ती उघडी पडते.

ती चार पावलं इतकी नावाजलेली का?

सुरा घेतलेली माया टेबलापासून उठते आणि झोपलेल्या मायाकडे निघते. खोलीत अंतर जेमतेम काही फुटांचं. पण पहिलं पाऊल समुद्राकाठच्या वाळूत पडतं, दुसरं गवतात, तिसरं फरसबंदीवर आणि चौथं खोलीतल्या गालिच्यावर. डेरेन यांनी पुढे एका पत्रात लिहिलं की स्वतःला मारायला माणसाला काळाच्या आरंभापासून केवढं अंतर चालून यावं लागतं, ते त्यांना या चार पावलांत सांगायचं होतं. याच जागेतून पुढच्या कामाची वाट फुटली, असंही त्यांनी म्हटलं आहे. १९४४ च्या ‘अ‍ॅट लँड’मध्ये बाई समुद्रकाठच्या ओंडक्यावर चढते आणि मेजवानीच्या टेबलावर पोचते, तिथे ही कल्पना पूर्ण सिनेमाभर पसरली आहे.

काही सेकंदांच्या या तुकड्यात नव्या तंत्राचं काहीच नाही. यात फक्त कट आहेत. चार जागा एका चालीत बांधल्या जाण्यासाठी मात्र बऱ्याच गोष्टी सारख्या राखाव्या लागतात: पाऊल चौकटीत तेवढंच मोठं, लेन्सची जमिनीपासूनची उंची तीच, चालण्याची दिशा तीच, पायातलं तेच, चालण्याचा वेग तोच. कट पाऊल हवेत असताना किंवा टेकता टेकता करायचा. पाऊल टेकून स्थिरावल्यावर कट केला तर चार वेगळी छायाचित्रं दिसतात आणि चाल तुटते. नवशिके हा प्रयोग करताना प्रत्येक जागी नवीन कोन घेतात, कारण समुद्र सुंदर दिसतो, गवत सुंदर दिसतं. तो मोह टाळा. जागा ओळखू येईल एवढंच दाखवा, बाकी चौकट पावलाची.

किल्ली पडते तेव्हा आणि जिन्यावर वेळ संथ का होतो?

कॅमेरा जास्त गतीने फिरवून साध्या गतीने दाखवलं की हालचाल संथ दिसते. ६४ फ्रेमने घेतलेला शॉट २४ ने दाखवला तर साधारण २.७ पट, १६ ने दाखवला तर चौपट संथ. किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. १६ ऐवजी ६४ ला प्रत्येक फ्रेमला चौथा हिस्सा प्रकाश मिळतो, म्हणजे अ‍ॅपर्चर दोन स्टॉप (चौपट प्रकाश येईल इतकं) उघडावं लागतं आणि फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, कमी होते. शिवाय पूर्ण चावी जेमतेम १० सेकंद पुरते. त्यामुळे किल्ली सोडणाऱ्याने कॅमेरा सुरू झाल्याचा आवाज ऐकून लगेच सोडायची. थोडी वाट बघितली की चावी संपते आणि किल्ली अर्ध्यातच असते.

जिना जहाजासारखा डोलतो तो कॅमेऱ्याने की नटीने?

दोघांनी. कॅमेरा एका बाजूला कलतो आणि त्याच वेळी डेरेन स्वतःला विरुद्ध भिंतीवर झोकून देतात. नुसता कॅमेरा कलला तर कॅमेराच कललेला दिसतो. शरीराने त्या कलण्याला उत्तर दिलं की घरच कलल्याचा भास होतो. नृत्याच्या सहवासात काढलेली वर्षं इथे कामी आली, पडण्याचं वजन त्यांना बरोबर ठाऊक होतं.

आरशाचा चेहरा असलेली आकृती करून बघायची आहे. काय काळजी घ्यावी?

काचेचा आरसा चेहऱ्याला बांधू नका. ३ मिमीचा अ‍ॅक्रिलिकचा आरसा कापून घ्या, हलका असतो आणि फुटून इजा होत नाही. आरसा लेन्सच्या बरोबर समोर आला की त्यात कॅमेरा आणि तुम्ही दिसणार. दहा-पंधरा अंश कलता बसवा म्हणजे त्यात आभाळ किंवा झाडं येतात. आतल्या खोलीत चित्रण असेल तर कॅमेऱ्यावर काळं कापड टाकून लेन्सपुरतं भोक ठेवा. आरशाआडच्या माणसाला पुढचं काही दिसत नाही. रस्त्यावर त्याच्या पायाला लागेल अशी सुतळी जमिनीवर ताणून चिकटवा आणि जिन्यावर चढायचं असेल तर चौकटीबाहेर हात द्यायला एक माणूस ठेवा.

शेवटी ती मरते का?

हो, आपल्याला तसंच दिसतं. आधी ती पुरुषाच्या चेहऱ्यावर सुरा फेकते, चेहरा आरशासारखा फुटतो आणि फुटलेल्या जागेतून समुद्र दिसतो, काचा वाळूवर पडतात. मग पुरुष पुन्हा रस्त्याने घरी येतो, दार उघडतो आणि खुर्चीत ती मेलेली आढळते, अंगावर काचा आणि समुद्रशेवाळ. स्वप्नातल्या वस्तू जागेपणाच्या खोलीत येऊन पडल्या आहेत. पुरुषाचं हे येणं खरं की तीही एक फेरी, याचा निकाल सिनेमा देत नाही आणि तो काढून द्यायची गरज आम्हाला वाटत नाही. शाळा-कॉलेजात दाखवणार असाल तर हे दृश्य आणि सुऱ्याचा प्रसंग आधी सांगून ठेवा.

याला अतिवास्तववादी म्हणावं का? फ्रॉइडच्या चष्म्यातून बघावं का?

दोन्ही लेबलं डेरेन यांना मान्य नव्हती. किल्ली म्हणजे अमुक, सुरा म्हणजे तमुक असं कोष्टक लावलं की प्रत्येक वस्तू सिनेमाबाहेरच्या अर्थाची चिठ्ठी होते आणि ती सिनेमात काय करते हे बघायचं राहून जातं. सुरा आधी पावात असतो, मग जिन्यावर, मग पलंगावर, मग हातात. तो दर वेळी झोपलेलीच्या जवळ सरकतो. कोष्टकापेक्षा हा प्रवास जास्त काही सांगतो. अभ्यासकांनी या धाटणीला ‘ट्रान्स फिल्म’ म्हटलं आहे: झोपेत चालल्यासारखी एक व्यक्ती आणि तिच्या चालण्यातून उलगडत जाणारं आतलं जग.

संगीत मूळचंच आहे का?

नाही. १९४३ साली सिनेमा मूक होता आणि सोळा वर्षं तसाच दाखवला गेला. आज ऐकू येणारं संगीत तेइजी इतो यांचं, १९५९ मधलं. टोकियोत जन्मलेले इतो पुढे डेरेन यांचे पती झाले. जपानी वाद्यसंगीताचा बाज, तुटक ठोके आणि त्यांमधली लांब शांतता हा त्याचा विशेष. डेरेन यांनी स्वतः जोडलेलं असल्यामुळे ते परकं मानायचं कारण नाही, पण मूक बघितल्याशिवाय संकलनाची लय कळत नाही. आधी मूक आणि मग संगीतासह, हा क्रम आम्ही सुचवू. इंटरनेटवर काही प्रतींना कोणीतरी स्वतःचं संगीत चिकटवलेलं असतं. त्या सरळ टाळा.

माझ्याकडची प्रत बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

आधी घड्याळ लावा. २४ फ्रेमच्या गतीने १४ मिनिटं म्हणजे सुमारे २०,००० फ्रेम, म्हणजे ५०० फुटांच्या आसपास १६ मिमी प्रिंट. ती ६०० फुटांच्या एका रिळावर मावते. प्रोजेक्टर चुकून १६ वर असेल तर तोच सिनेमा २१ मिनिटं चालेल आणि इतोंचं संगीत खर्जात, रेंगाळत ऐकू येईल. युरोपीय टीव्हीच्या २५ फ्रेमच्या गतीला नेलेली प्रत अर्ध्या मिनिटाने आखूड असते आणि सूर थोडे चढे लागतात.

मग चौकट. मूळ प्रमाण जुन्या टीव्हीसारखं ४:३ आहे. पडदा भरून दिसत असेल तर एक तर ताणलंय किंवा वरून-खालून कापलंय. कापलेल्या प्रतीत सुरुवातीचा फूल ठेवणारा हात आणि पावलांचे शॉट हमखास बिघडतात. तिसरी खूण सावल्यांची: मायाची रस्त्यावरची सावली निव्वळ काळा डाग न दिसता तिच्यात डांबराचा पोत दिसायला हवा. वाईट व्हिडिओ प्रतीत तो बुजलेला असतो. किनो लॉर्बर या कंपनीने २०२० मध्ये काढलेला डेरेन यांच्या सिनेमांचा ब्लू-रे संच घरी बघायला चांगला.

खर्च किती आला?

तीनशे डॉलरच्या आत. घर स्वतःचं राहतं, कलाकार स्वतः, प्रकाश बराचसा खिडकीतला. हॉलिवूड जेवढा पैसा लिपस्टिकवर उडवतं तेवढ्यात माझे सिनेमे होतात, अशा अर्थाचं डेरेन यांचं वाक्य प्रसिद्ध आहे.

याला ‘अंडरग्राउंड’ म्हणतात, पण १९४३ साली तो शब्द होता का?

सिनेमासाठी हा शब्द १९५० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९६० च्या दशकात रुळला. पण त्या चळवळीची व्यवस्था डेरेन यांनी आधीच उभी केली होती. चित्रपटगृह मिळणार नव्हतं, म्हणून १८ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांनी न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधलं प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउस भाड्याने घेऊन स्वतःचे तीन सिनेमे दाखवले. हे पाहून प्रेरणा घेतलेल्या एमॉस व्होगेल यांनी १९४७ साली ‘सिनेमा १६’ ही फिल्म सोसायटी सुरू केली. डेरेन प्रिंट भाड्याने पाठवत, विद्यापीठांत व्याख्यानं देत, लेख लिहीत. १९४६ मध्ये त्यांना गुगनहाइम फेलोशिप मिळाली, सिनेमाच्या सर्जनशील कामासाठी दिलेली ती पहिलीच, आणि १९४७ मध्ये ‘मेशेस’ला कान महोत्सवात १६ मिमी प्रयोगशील विभागाचा पुरस्कार.

यामागचं एक व्यावहारिक कारण क्वचितच सांगितलं जातं. त्या काळची ३५ मिमी फिल्म नायट्रेटची, भडकन पेटणारी. ती दाखवायला अग्निरोधक केबिन आणि परवाने लागत. १६ मिमी मात्र १९२३ मध्ये बाजारात आली तेव्हापासून न पेटणाऱ्या ‘सेफ्टी’ बेसवरच निघाली. त्यामुळे एक प्रोजेक्टर, एक चादर आणि विजेचा सॉकेट एवढ्यावर वर्गात, दिवाणखान्यात किंवा वाचनालयात खेळ लावता येई. चित्रपटगृहाबाहेरच्या सिनेमाचा सगळा डोलारा या साध्या गोष्टीवर उभा राहिला.

पुढचा मान ठळक आहे: १९९० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत (जतन करायच्या सिनेमांच्या यादीत) समावेश आणि ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश सिनेमासिकाच्या २०२२ च्या समीक्षक मतदानात सोळावा क्रमांक.

आमच्या फिल्म सोसायटीत दाखवायचा आहे. कार्यक्रम कसा बांधू?

१९४६ च्या खेळाचाच क्रम घ्या: ‘मेशेस’, मग ‘अ‍ॅट लँड’ (१५ मिनिटं), मग १९४५ चा ‘अ स्टडी इन कोरिऑग्राफी फॉर कॅमेरा’, जो तीन-एक मिनिटांत संपतो आणि ज्यात नर्तक एका पावलात जंगलातून खोलीत येतो. तिन्ही मिळून अर्धा तास. चार पावलांची कल्पना कशी वाढत गेली ते एका बैठकीत दिसतं.

‘मेशेस’ दोनदा लावा, एकदा मूक आणि एकदा संगीतासह, मध्ये दहा मिनिटं चर्चा. प्रस्तावना पाच मिनिटांच्या वर नको आणि तीत कथा सांगू नका. मूक खेळाला पंख्यांचा आवाज फार जाणवतो, शक्य असेल तर तेवढ्यापुरते बंद करा. दुपारचा खेळ असेल तर खिडक्यांना नुसते पडदे पुरत नाहीत, वरच्या झडपांतून येणारा उजेड नेमका पडद्याच्या वरच्या काठावर पडतो. तिथे आधीच काळा कागद लावून ठेवा. लॅपटॉपवरून दाखवत असाल तर प्रोजेक्टरचा ‘ऑटो’ चौकट पर्याय बंद करून ४:३ निवडा आणि ‘डायनॅमिक’ उजेडाची सोयही बंद करा, नाहीतर प्रत्येक काळोख्या शॉटला दिवा मंद होतो आणि खिडकीचा शॉट आला की डोळे दिपतात. सगळं सेट झालं की पहिली दोन मिनिटं शेवटच्या रांगेत बसून बघा: किल्ली पायऱ्यांवरून उड्या मारत जाताना तिथून स्पष्ट दिसली की पडद्याचा आकार पुरेसा आहे.